कैसरचं चांदीचं नाणं घेताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घासणं. मी स्वतः केलीये. जर्मन साम्राज्यातल्या प्रशिया राज्याचं पाच मार्कचं (मार्क म्हणजे तेव्हाचं जर्मन चलन) नाणं, वरती कैसर म्हणजे जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म, मिशीवाला, आणि नाणं काळपट दिसत होतं म्हणून टूथपेस्ट लावून मस्त चमकवलं. नंतर दिव्याखाली तिरकं धरून पाहिलं तर गालावर, कपाळावर बारीक बारीक ओरखडे, ते आता कधीच जाणार नाहीत. तो काळपटपणा म्हणजे मळ नाही, शंभर-सव्वाशे वर्षांत चांदीवर चढलेला रंग आहे आणि कलेक्टर त्याचेच पैसे देतात, त्यामुळे चिंच, लिंबू, दंतमंजन काहीही लावू नका प्लीज.

दुसरं, चेहरा बघून खरं-खोटं ठरवू नका, डुप्लिकेटमध्ये चेहरा छान जमतो. कड बघा. पाच मार्कच्या कडेवर 'गॉट मिट उन्स' म्हणजे 'देव आमच्यासोबत' अशी अक्षरं असतात, आणि वरच्या बाजूला कधी गळ्यात घालायला कडी डाग देऊन (सोल्डर करून) लावलेली असेल तर तिथे अक्षरं पुसट झालेली किंवा घासलेली दिसतात.

मग वजन. पाच मार्क 27.77 ग्रॅम, 38 मिमी, 90 टक्के चांदी. झिजलेलं असेल तर थोडं कमी भरेल, ते चालतं. वजन बरोबर आलं तरी थांबू नका, छोट्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करा, नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला टेकू देऊ नका, आकडा 2.7 च्या आसपास यायला हवा. तेवढ्याच वजनाचं पितळ असेल तर 3 च्या वर जातो. नुसतं लोहचुंबक लावून समाधान मानू नका, पितळही चिकटत नाही.

1888 बघून पण लोक फसतात. त्या वर्षी जर्मनीला तीन सम्राट झाले, मधला तिसरा फ्रीडरिश फक्त 99 दिवस, म्हणून त्याचं नाणं दुर्मिळ असं सांगून जास्त पैसे मागतात. पण लोकांनी ती आठवण म्हणून जपून ठेवली, त्यामुळे आजही बरीच मिळतात, उलट त्याच सालचं दुसऱ्या विल्हेल्मचं पाच मार्क शोधायला जड.

आणि हो, प्रत्येक चेहरा कैसरचा नसतो! साम्राज्यातल्याच बव्हेरिया, सॅक्सनी, वुर्टेमबर्ग या राज्यांच्या नाण्यांवर त्यांचे त्यांचे राजे आहेत, म्हणून चेहऱ्याभोवतीचं नाव अक्षर अक्षर लावून वाचा.

ठेवताना मऊ पीव्हीसीची पाकिटं नकोत, काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो.