प्लाझ्मा भौतिकी (इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेल्या वायूचं शास्त्र) शिकताना आधी काय वाचावं?

सुरुवातीला फ्रान्सिस चेन यांचं 'इंट्रोडक्शन टू प्लाझ्मा फिजिक्स अँड कंट्रोल्ड फ्यूजन' घ्या. विद्युतचुंबकत्वाची मॅक्सवेल समीकरणं कच्ची असतील, तर आधी ग्रिफिथ्स यांचं इलेक्ट्रोडायनॅमिक्सचं पुस्तक उघडा. हा पाया नसेल तर पुढे पानोपानी अडायला होतं.

चेन यांच्या दुसऱ्या प्रकरणात एकट्या कणाची गती आहे. तिथे अजिबात घाई करू नका. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना काटकोनात असताना इलेक्ट्रॉन आणि धन आयन यांचे मार्ग स्वतः कागदावर काढा. दोघे उलट दिशांनी गिरक्या घेतात, तरी सरकतात मात्र एकाच बाजूला, एकाच वेगाने! हे चित्र हाताने काढल्याशिवाय मनात ठसत नाही. चौथं प्रकरण लहरींचं. पहिल्या वाचनात त्यातला थोडा भाग सुटला तरी चालेल.

सोबत अमेरिकेच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीची सूत्रपुस्तिका ठेवा. ती मोफत मिळते. फक्त एककं सांभाळा. चेन एसआय (मीटर-किलोग्रॅम) वापरतात, पुस्तिकेतली प्लाझ्माची सूत्रं मुख्यतः सीजीएसमध्ये (सेंटिमीटर-ग्रॅम) आहेत, आणि तापमान इलेक्ट्रॉन-व्होल्ट या ऊर्जेच्या एककात. सरावाला डिबाय लांबी, म्हणजे ज्या अंतरापलीकडे प्लाझ्मा एखाद्या प्रभाराचं विद्युत क्षेत्र झाकून टाकतो ते अंतर, काढा: तापमान 2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि घनता दर घनमीटरला 10^16 इलेक्ट्रॉन असेल, तर उत्तर साधारण 0.1 मिलिमीटर यायला हवं. शंभरपटींचा फरक आला, तर चूक बहुतेक एककातच असते.

पुढे गणिती मांडणी हवी असेल तर रिचर्ड फिट्झपॅट्रिक यांच्या व्याख्यानांच्या नोट्स वाचा. त्याही इंटरनेटवर मोफत आहेत.