स्टँडबाय हिरवा दिसला म्हणून लगेच फेलओव्हर करू नका

लोड बॅलन्सरच्या (ट्रॅफिक अनेक सर्व्हरांत वाटणाऱ्या डिव्हाइसच्या) टीममध्ये नवीन आलेल्यांना अपग्रेडमधल्या इन्स्टॉलेशनची धास्ती असते. खरं तर तेवढंच सोपं. एफ५ बिग-आयपी या लोड बॅलन्सरवर नवी आवृत्ती दुसऱ्या बूट व्हॉल्यूमवर चढते, जुनी जागची हलत नाही. बिनसलंच तर जुन्या व्हॉल्यूमवर रीबूट करायचं. (लायसन्सची सर्व्हिस चेक डेट मात्र आधी बघा, नाहीतर कॉन्फिग लोडच होत नाही.) जीव टांगणीला लागतो तो नंतर. स्टँडबाय, म्हणजे जोडीतलं राखीव डिव्हाइस, नव्या आवृत्तीवर उभा आहे, पूल मेंबर (मागचे सर्व्हर) सगळे हिरवे, आणि ब्रिज कॉलवर (सगळ्या टीमच्या सामायिक कॉलवर) कुणीतरी विचारतं, "करायचा का फेलओव्हर?" म्हणजे, ट्रॅफिक इकडे आणायचा का?

अजून नाही. तो हिरवा रंग हेल्थ मॉनिटरचा, म्हणजे सर्व्हर उत्तर देतोय का हे तपासणाऱ्याचा आहे. मॉनिटर डिव्हाइसच्या स्वतःच्या सेल्फ आयपीवरून सर्व्हरपर्यंत जातो, म्हणजे सर्व्हरकडची बाजू ठीक, एवढंच कळलं. क्लायंटकडून येणारं पॅकेट, एसएसएल प्रोफाइल (एन्क्रिप्शनची सेटिंग), आयरूल (ट्रॅफिकवर चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट) यांची परीक्षा अजून झालेलीच नाही.

म्हणून मी चाचणीचा वेगळा ट्रॅफिक ग्रुप (एका डिव्हाइसवरून दुसऱ्यावर एकत्र हलणाऱ्या आयपींचा गट) ठेवते. त्यात एक व्हर्च्युअल सर्व्हर (क्लायंट ज्या पत्त्यावर येतात तो), त्याला प्रॉडक्शनचेच प्रोफाइल, आयरूल आणि पूल, शिवाय ग्रुपबरोबर हलणारा स्वतंत्र फ्लोटिंग सेल्फ आयपी. स्नॅट ऑटोमॅप (क्लायंटच्या पत्त्याऐवजी डिव्हाइसचा पत्ता लावणं) असेल तर सर्व्हरला हाच आयपी दिसणार, तेव्हा फायरवॉलचा नियम आधीच मागून ठेवा; ऐन चेंजच्या रात्री तो उघडून मिळणं कठीण. हे सगळं दोन्ही डिव्हाइस एकाच आवृत्तीवर असताना तयार करून सिंक करायचं. आवृत्त्या वेगळ्या झाल्या की कॉन्फिग सिंकला हात लावायचा नाही.

रात्री स्टँडबाय फोर्स ऑफलाइन करून अपग्रेड होतो. त्याला रिलीज करण्यापूर्वी प्रॉडक्शनच्या ट्रॅफिक ग्रुपचं ऑटो फेलबॅक बंद आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ते चालू असेल आणि पसंतीचं डिव्हाइस हेच असेल, तर तुम्ही काही तपासायच्या आत प्रॉडक्शन इकडे येऊन बसेल.

आता फक्त चाचणीचा ग्रुप नव्या डिव्हाइसवर आणायचा. कर्ल या कमांडच्या रीझॉल्व्ह पर्यायाने खरं होस्टनेम चाचणीच्या आयपीवर वळवा, म्हणजे सर्टिफिकेट आणि एसएनआयही (जोडणीच्या सुरुवातीला क्लायंट सांगतो ते होस्टनेम) तपासले जातात. दुसऱ्या खिडकीत टीसीपीडम्प (पॅकेट दाखवणारं टूल) चालू हवा. क्लायंटचं सिन (कनेक्शन सुरू करणारं पॅकेट) आलं, स्नॅट होऊन सर्व्हरकडे नवं सिन गेलं, तिकडून सिन-ॲक परत आलं, हे ओळीने दिसलं पाहिजे. सिन जातंय आणि उत्तर येत नाही, तर घाई न करता राउटिंग, एआरपी (कुठला आयपी कुठल्या मॅक पत्त्यावर आहे ते शोधणं), फायरवॉल तपासा. प्रॉडक्शन अजून जुन्या डिव्हाइसवर सुखरूप आहे.

सगळ्यात मोलाची तपासणी मला वाटते ती राउटरवरची. मॅक मास्करेड (दोन्ही डिव्हाइसवर ग्रुपसाठी एकच मॅक) लावलेलं नसेल तर सगळी भिस्त ग्रॅच्युइटस एआरपीवर, म्हणजे 'हा आयपी आता माझ्याकडे' या डिव्हाइसने स्वतःहून केलेल्या घोषणेवर. चाचणीच्या आयपीपुढे राउटरच्या एआरपी टेबलात नव्या डिव्हाइसचा मॅक आला का? नसेल, तर फेलओव्हरनंतर प्रॉडक्शनचे आयपीही तिथेच अडकू शकतात.

ॲप्लिकेशन टीमला एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगा: दोन आवृत्त्यांमध्ये कनेक्शन मिररिंगवर (चालू कनेक्शनची प्रत दुसऱ्या डिव्हाइसवर ठेवण्यावर) विसंबता येत नाही, त्यामुळे चालू कनेक्शन एकदा तुटणार. फेलओव्हरनंतर त्यांनी हिरवा कंदील दिला की मगच दुसरं डिव्हाइस हातात घ्या. चाचणीचा ग्रुप काढून टाकू नका, पुढच्या अपग्रेडलाही तो लागणारच आहे.