पाहुण्यांना वाई पायी दाखवायची असेल तर

वाईत पाहुणे आले की त्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. ढोल्या गणपतीचं दर्शन, घाटावर दोन फोटो, आणि लगेच गाडी पसरणीच्या घाटाला लागते, कारण पाचगणी-महाबळेश्वर गाठायचं असतं. अर्ध्या तासात वाई उरकते. मला याचं फार वाईट वाटतं. माझं माहेर मधल्या आळीतलं, सासर गणपती आळीतलं. ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यापासून रविवारी सकाळी, जो म्हणेल त्याला गाव पायी दाखवते. सुरुवात झाली ती जुन्या विद्यार्थिनींमुळे. "बाई, सासरची मंडळी साताऱ्याहून येतायत, तुम्हीच दाखवा ना." आता माझे गुडघे कुरकुरतात, आणि या मुलींनी हे काम स्वतः हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं. त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या घरी पाहुणे यायचेत त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

वेळ सकाळी साडेसहाची. थंडीत कृष्णा नदीवर धुकं असतं, ते उठताना बघायला मिळतं. उन्हाळ्यात दहा वाजता घाटाचा काळा दगड असा तापतो की देवळात जाताना चप्पल काढली की पाय उचलून पळावं लागतं. पावसाळ्यात घाटावर कोणालाच नेऊ नका. धोम धरणातून पाणी सोडलं की नदी बघता बघता पायऱ्या गिळते आणि जोराच्या पुरात गणपतीच्या देवळातही शिरते. त्या दिवसांत आळ्या दाखवा, वाडे दाखवा. पाणी लांबूनच बघू द्या.

माणसं बारा, फार तर पंधरा. हा आकडा मी अनुभवाने ठरवलाय. एकदा एका सहलीची चाळीस मुलं घेऊन निघाले. मी पुढे, पाठमोरी, चालता चालता बोलतेय, आणि मागची दहा-बारा मुलं पार खालच्या पायरीपर्यंत गेलेली मला कळलंच नाही. शेवाळावरून एका मुलीचा पाय सटकला आणि गुडघा फुटला. नदीत पडली असती तर, हा विचार अजून रात्री मनात येतो. तेव्हापासून तीन गोष्टी कटाक्षाने पाळते. चालताना बोलायचं नाही. थांबायचं, सगळे जमले की मगच बोलायचं. घाटावर उभं राहताना आपण पाण्याच्या बाजूला, माणसं वरच्या पायऱ्यांवर. आणि सगळ्यांत शेवटी चालायला एक जाणतं माणूस नेमायचं. सपाट तळाच्या चामडी चपला घालू नका, हे आदल्या दिवशीच फोन करून सांगा. म्हाताऱ्या माणसांना पायऱ्या तिरक्या उतरायला लावा, एका बाजूने हात द्या. आणि निघण्याआधी सगळ्यांना स्वच्छतागृहासाठी कोणाच्या तरी घरी नेऊन आणा. विशेषतः बायका संकोचाने बोलत नाहीत आणि मग निम्म्या फेरीत त्यांचं लक्ष उडतं.

आता मुख्य गोष्ट. फेरी देवळापासून सुरू करू नका, पाण्यापासून करा. गणपती घाटाच्या खालच्या कोरड्या पायरीपर्यंत मंडळींना न्या आणि पाच मिनिटं काहीही बोलू नका. कपडे आपटल्याचा आवाज येतो, कुठेतरी घंटा वाजते. मग सगळ्यांना नदीकडे पाठ करून गावाकडे बघायला सांगा. देवळं, दीपमाळा, वाड्यांच्या भिंती, बोळांची तोंडं, सगळं पाण्याकडे उतरत आलेलं दिसतं. रस्त्याने येणाऱ्याला गावाची पाठ दिसते, तोंड इथून दिसतं. हे तुम्ही सांगायच्या आधी त्यांच्यातलं कोणीतरी बोलून दाखवतं, जरा दम धरा.

इथेच सात आळ्यांची नावं सांगा: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, भीमकुंड आळी. प्रत्येकीचा स्वतःचा घाट आणि स्वतःचा कृष्णाबाईचा, म्हणजे नदीचाच, उत्सव. थंडी सरता सरता हे उत्सव पाळीपाळीने बसतात. घाटावर मांडव पडतो, कृष्णाबाईची मूर्ती येऊन बसते, कीर्तनं होतात, पंगती उठतात. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी नदीला नवस बोलला होता आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, असं गावात सांगतात. "सांगतात" हा शब्द गाळू नका. खान वाईचा सुभेदार होता आणि १६५९ साली प्रतापगडाकडे जाण्याआधी त्याचा तळ वाईला होता, हा इतिहास. नवस ही परंपरा. वाई म्हणजेच विराटनगरी आणि पांडव अज्ञातवासात इथे राहिले, हेही तसंच. समोर पांडवगड दाखवा, वैराटगड दाखवा, गोष्ट रंगवून सांगा, पण गोष्ट म्हणून. पाहुण्यांना दोन्ही आवडतं, आणि भेसळ केली की पुढचं खरंही त्यांना खोटं वाटायला लागतं.

मग माझा आवडता भाग. मुलं असतील तर दोघा-तिघांना पाण्याशी बसवा, आपण धरून. पाण्याला ओढ असेल तर तळहात उघडा करून प्रवाहाला आडवा धरायला लावा. पाणी हात मागे ढकलतं, मनगट वाकतं. आता दोन्ही हात नमस्कारासारखे जोडायचे आणि बोटांची टोकं पाणी जिकडून येतं त्या दिशेला करायची. पाणी दोन्ही बाजूंनी सरकून निघून जातं, हाताला जोर लागतच नाही. पाणी थांबलेलं असेल तर उतरत्या दगडावर बाटलीभर पाणी ओता. आधी वाटेत सपाट खापर ठेवा, मग टोकदार. खापराशी पाणी साचून वर चढतं, टोकाशी फाटून पुढे जातं. माझा एक विद्यार्थी हे करता करता ओरडला होता, "बाई, पाण्याला फसवलं!" फसवलं नाही रे, वाट करून दिली, असं मी त्याला म्हटलं.

एवढं झालं की त्यांना न बोलता देवळाच्या मागच्या बाजूला न्या. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधली आहे. पुराचं पाणी तिच्यावर आदळण्याऐवजी दुभंगून दोन्ही अंगांनी जावं म्हणून. ज्यांनी नुकते हात जोडून पाण्यात धरले होते, त्यांना ही भिंत समजावून सांगावी लागत नाही. त्यांनाच हात लावून बघू द्या, दगडाचे सांधे चाचपू द्या. कितीतरी पूर या भिंतीने अंगावर घेतले आहेत.

मगच पुढून देवळात. गाभाऱ्यासमोर व्याख्यान देऊ नका, लोक दर्शनाला आलेले असतात. मूर्ती एकाच दगडात घडवलेली आहे आणि तिच्या आकारावरूनच 'ढोल्या' हे नाव पडलं, एवढं बाहेर आधीच सांगून ठेवा. आत फक्त बघायचं.

बाहेर आल्यावर सावलीत बसवून रास्त्यांची गोष्ट सांगा. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलं. नुसता आकडा कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून मी तो असा सांगते. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या भिकाजी रास्त्यांच्या कन्या, म्हणजे गणपतरावांच्या भगिनी. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर विश्वासराव पडले, तो यांचा भाचा. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब गेले, ते मेहुणे. आणि देऊळ त्याच्या पुढच्या वर्षीचं. त्या घरात तेव्हा काय दिवस असतील याचा विचार करा, असं म्हणून मी थांबते. माझ्याकडे आलेली एक आजी यावर पदर तोंडाला लावून बराच वेळ गप्प बसली होती. तिचा मुलगा फौजेत होता, हे मला नंतर कळलं.

शेजारी काशीविश्वेश्वर. इथला नंदी काळ्या दगडाचा, घोटून गुळगुळीत केलेला. त्याच्या पाठीवर ऊन तिरकं पडलेलं असताना पोचलात तर गळ्यातल्या घंटांची माळ न् माळ उठून दिसते. सकाळी लवकर यायचं, त्याचं हेही एक कारण.

आळीतून चालताना वाड्यांचं मोठं पथ्य आहे: ती माणसांची राहती घरं आहेत. दिंडी दरवाजा उघडा दिसला म्हणून आत शिरायचं नाही, ओट्यावर बसलेल्या आजींचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांचा तर मुळीच नाही. मी आदल्या दिवशी दोन घरी सांगून ठेवते, "काकू, उद्या आठ वाजता दहाजण घेऊन येऊ का?" कोणी नाही म्हणत नाही, उलट अंगण झाडून ठेवतात. आत गेलात की चौक, ओसरी, देवळी, आड दाखवा. पावसाचं पाणी चौकात पडून कुठून बाहेर जातं ते मुलांनाच शोधायला लावा. बाकीची देवळं वाटेत येतील तशी दाखवा, प्रत्येकाची माहिती देत बसलात तर माणसं कंटाळतात.

गंगापुरीपर्यंत मात्र नक्की चाला. पायऱ्या चढून थकलेली मंडळी इथे "आता काय शाळा बघायची?" म्हणतात, तरी न्या. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांची संस्कृत आणि शास्त्रं शिकवणारी प्राज्ञपाठशाळा ही. विनोबा गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन शिकायला आले ते यांच्याकडे. लक्ष्मणशास्त्री जोशी कोवळ्या वयात इथे आले आणि वाईचेच झाले. पुढे मराठी विश्वकोशाचं काम त्यांच्या हाताखाली याच गावात उभं राहिलं, पहिला खंड १९७६ साली निघाला. मुंबई-पुण्यात न होता मराठीतला एवढा मोठा ज्ञानाचा व्यवहार कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात झाला, हे सांगताना मला अजून भरून येतं. एक सोपी युक्ती सांगते. घरून विश्वकोशाचा एखादा खंड पिशवीत घालून न्या. जड असतो, पण तिथे उभ्या उभ्या कोणालाही कुठलंही पान उघडायला सांगा आणि एक नोंद मोठ्याने वाचायला लावा. माझ्या एका फेरीत एका दहावीतल्या मुलाने वाचलं आणि वाचतच राहिला, बाकीचे पुढे निघून गेले तरी.

इथे दोन-अडीच तास झालेले असतात. चहा पाजा, आल्याचा. घरी नेण्यासाठी काय घ्यावं असं विचारतील. या भागात हळद चांगली पिकते, ती घ्यायला सांगा.

अंगात जोर उरला असेल तर गाडीने मेणवलीला न्या, तीनेक किलोमीटर आहे. नाना फडणवीसांचा वाडा आहेच, मेणवली दप्तर म्हणून प्रसिद्ध असलेले त्यांचे कागद तिथलेच. पण थेट वाड्यामागच्या घाटावर उतरा आणि मंडळींना मोठ्या घंटेखाली उभं करा. तिच्यावर काय आहे ते त्यांनाच शोधू द्या. मेरी आणि कडेवरचा बाळ येशू दिसला की सगळे गोंधळतात. मग कोणाला तरी १७०७ हा आकडा सापडतो. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई घेतली, त्या मोहिमेनंतर पोर्तुगिजांच्या चर्चच्या घंटा अशा देवळांत आल्या, हे तेव्हा सांगा, आधी नको. घंटा वाजवू देऊ नका. पालथ्या हाताने नुसती थोपटली तरी आत बारीक घुमते, कान लावून ऐकायला सांगा. आणि अकराच्या आत सगळ्यांना वर आणा, तोवर पायऱ्या भाजायला लागतात.