जळालेला 12-0-12 ट्रान्सफॉर्मर रिवाइंड करताना

हे अ‍ॅम्प्लिफायर, चार्जरमधल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरसाठी आहे. 12-0-12 म्हणजे मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंना 12-12 व्होल्ट देणारा. शेतातला डीपी जळाला तर महावितरणला कळवा, आपण हात लावायचा नाही.

प्रायमरी (230 व्होल्टच्या बाजूचं वाइंडिंग) मीटरवर ओपन, म्हणजे तुटलेली दाखवतेय म्हणून लगेच तार कापू नका. काहींमध्ये टेपखाली थर्मल फ्यूज (जास्त तापल्यावर तुटणारा) असतो. तेवढाच गेला असेल तर त्याच रेटिंगचा नवा घाला. तिथे नुसती तार जोडून देणं म्हणजे आगीला आमंत्रण.

स्टॅम्पिंग (कोअरच्या लोखंडी पट्ट्या) थिनरने सैल करून एकेक काढा. जाळावर धरायचा सल्ला ऐकू नका: पट्ट्यांवरचं इन्सुलेशन जळतं आणि कोअर कायमचा तापत राहतो. सेकंडरी (12 व्होल्टच्या बाजूचं वाइंडिंग) उलगडताना वेढे मोजून लिहा. पट्टीची मधली जीभ 1 इंच रुंद आणि पट्ट्यांच्या चळतीची जाडी 1 इंच असेल, तर क्षेत्रफळ 6.45 चौरस सेंमी; ठोकताळ्याचा आकडा 45 भागिले 6.45, म्हणजे व्होल्टला 7 वेढे. प्रायमरी 230 गुणिले 7, म्हणजे 1610 वेढे, तारेची जाडी 33 गेज (SWG). सेकंडरी 1 अँपिअरला 22 गेज. 12 व्होल्टला 84 होतात; लोडवरची घट धरून 90 अधिक 90 वेढे, मधून तार बाहेर काढून.

खरी गोम प्रायमरीत. बॉबिनवर (तार गुंडाळायच्या साच्यावर) एका थरात साधारण 120 वेढे बसतात, म्हणजे तेरा-चौदा थर. कडेचा वेढा घसरून तीन-चार थर खाली गेला, की शेजारच्या तारांमध्ये पन्नासच्या वर व्होल्ट येतात. तिथलं एनॅमल (तारेवरचा इन्सुलेशनचा लेप) खरवडलं असेल तर शॉर्ट झालाच, आणि मल्टिमीटरला तो कळतही नाही. म्हणून दर थरावर पॉलिएस्टर फिल्म हवीच, बॉबिनच्या रुंदीपेक्षा 2-3 मिमी जास्त, कडा वर वळवून. प्रत्येक थर कडेपासून 1 मिमी अलीकडेच थांबवा. ‘सेलोटेप चालते’ म्हणणाऱ्याला सांगा, गरम झाली की ती चिकट लगदा होते. जुनी तारही वापरायची नाही. तार तुटली तर सोल्डरचा डाग देऊन स्लीव्ह (इन्सुलेशनची नळी) चढवा. नुसता पीळ पुरत नाही.

प्रायमरी आणि सेकंडरीमध्ये फिल्मचे चार वेढे. सेकंडरी सोपी आहे.

स्टॅम्पिंग आलटून-पालटून, एक या बाजूने तर एक त्या बाजूने, भरा. शेवटच्या दोन-तीन पट्ट्या हातोडीने ठोकू नका, बॉबिन फाटतं.

सेकंडरी मोकळी ठेवून प्रायमरी 60 वॉटच्या सिरीज बल्बवर (मेनच्या वाटेत जोडलेल्या साध्या तारेच्या बल्बमधून) लावा. बल्ब क्षणभर चमकून विझला पाहिजे. पेटून राहिला तर प्रायमरी पुन्हा उलगडा. पास झाल्यावरच वार्निश. सेटमध्ये बसवण्याआधी डायोड आणि फिल्टर कपॅसिटर तपासा; मूळ शॉर्ट तिथे असेल तर नवं वाइंडिंगही जळेल.