लॅसनचा ज्वालामुखी बघायला कुत्र्यांसकट आरव्ही (चाकांवरचं घर) घेऊन निघालात? या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे बुकिंग करताना कुत्री चालतात एवढंच वाचायचं आणि खूश होऊन पुढे जायचं. कॅलिफोर्नियातल्या लॅसन व्होल्कॅनिक नॅशनल पार्कमध्ये कुत्री चालतात हे खरंय, पण कुठे? कॅम्पग्राउंड, पिकनिक एरिया, पार्किंग आणि गाड्यांचे रस्ते, संपलं. हायकिंगच्या एकाही ट्रेलवर नाही, तळ्याच्या पाण्यात नाही, व्हिजिटर सेंटरमध्ये नाही, आणि चालतात तिथेही लीश 6 फुटांपेक्षा लांब नको. म्हणजे लॅसन पीक चढायचं, बंपस हेलचा उकळता चिखल बघायचा, सिंडर कोनवर जायचं, यातलं काहीच कुत्र्याला घेऊन होणार नाही.

मग लगेच दुसरी आयडिया निघते आणि खरा घोळ इथेच होतो, की आरव्ही आहेच ना, एसी लावून आत ठेवू, दोन-तीन तासांत येतोच आपण. अहो पण एसी चालणार कशावर? मँझनिटा लेकचं कॅम्पग्राउंड मोठं आहे, छान आहे, पण तिथे हूकअप (गाडीला वीज-पाणी जोडायची सोय) नाहीत, वीज नाही. म्हणजे जनरेटर, आणि तो ठरलेल्या वेळातच लावता येतो. शिवाय ट्रेलहेडच्या, म्हणजे ट्रेल सुरू होतो तिथल्या, पार्किंगमध्ये गाडी उन्हात उभी. 2021 च्या डिक्सी आगीत पार्कचा खूप मोठा भाग जळालाय, त्यामुळे जुन्या फोटोंत दिसणारी सावली सगळीकडे मिळेलच असं नाही. बाहेर 21 डिग्री असेल तर बंद कारमध्ये अर्ध्या तासात 40 च्या आसपास जातं. आरव्ही मोठी असल्याने थोडी हळू तापेल, पण तापणार हे नक्की, आणि एसी मध्येच बंद पडला तर तुम्हाला कळणार कसं? टेंपरेचर मॉनिटर मोबाईल सिग्नलवर चालतो आणि पार्कमध्ये बऱ्याच ठिकाणी सिग्नलच नसतो. तो मॉनिटर बघून निश्चिंत होणारे लोक बघितले की मला धडकी भरते.

जनरेटर अचानक बंद पडण्याची कारणं बहुतेक वेळा साधीच असतात. मोटरहोममध्ये जनरेटर गाडीच्याच टाकीतून इंधन ओढतो, पण त्याची नळी मुद्दाम वर ठेवलेली असते, टाकी साधारण पाव राहिली की तो बंद, म्हणजे तुम्ही जंगलात अडकून पडू नये म्हणून. काटा पाव दाखवतोय आणि जनरेटर चालत नाहीये तर तो बिघडलेला नाही, पेट्रोल भरा. दुसरं कारण उंची. दर 1000 फुटांमागे जनरेटरची ताकद साधारण साडेतीन टक्के कमी होते, मँझनिटा लेक आहे 5,900 फुटांच्या आसपास, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा गेला. घरी एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम चालत होते, इथे ब्रेकर उडतो. काही जनरेटरना उंचीप्रमाणे सेट करायचा नॉब असतो, तो असेल तर फिरवा, आणि एका वेळी एकच मोठी वस्तू लावा.

यावर खरा उपाय एकच, पाळी लावा. एक जण कुत्र्यांजवळ, बाकीचे ट्रेलवर, मग अदलाबदल. बंपस हेल जाऊन येऊन साधारण 3 मैल, म्हणजे दोन्ही पाळ्या एका दिवसात आरामात होतात. लॅसन पीक 5 मैल आणि चढ जवळजवळ 2000 फुटांचा, तो वेगळ्या दिवशी ठेवा. आणि कुत्र्यांना मनसोक्त चालवायचं असेल तर पार्कच्या बाहेर पडा, चारी बाजूंना लॅसन नॅशनल फॉरेस्ट आहे, तिथल्या बहुतेक ट्रेल्सवर लीश लावून कुत्री चालतात.

काही जण म्हणतात, गर्दी नाहीये, दोन मिनिटं सोडलं तर काय बिघडतंय. बंपस हेलला नाव ज्याच्यावरून पडलं तो केंडल बंपस तिथल्या पातळ कवचातून पाय आत जाऊन भाजला आणि शेवटी पाय कापावा लागला. तो तर तिथला माहीतगार माणूस होता. तिथल्या बिग बॉयलर नावाच्या, जमिनीतून वाफ सोडणाऱ्या भोकाच्या वाफेचं तापमान 161 डिग्रीपर्यंत मोजलं गेलंय. कुत्र्याला वरून कोरडी दिसणारी जमीन म्हणजे जमीनच वाटते, तो वास घेत सरळ आत जाणार. सल्फर वर्क्स ही अशीच वाफाळणारी जागा तर रस्त्याला लागूनच आहे, म्हणून तिथे लीश हातात आखूड धरा, गाडीचं दार उघडायच्या आधी.

पंजे बघत जा. काळा डांबर आणि लाव्हाचे खडे दोन्ही तापतात, हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता येत नसेल तर कुत्र्यालाही चालवू नका. बूट आणणार असाल तर आधी घरीच घालायची सवय लावा, नाहीतर पार्किंगमध्ये तो पाय झटकत बसतो आणि सगळे हसत बसतात. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्यांना उंचीवर जास्त धाप लागते, त्यांचं चालणं कमीच ठेवा.

रात्री दोनला टूं टूं आवाज येतो आणि कुत्री थरथर कापतात, हा प्रकारही ठरलेला. बऱ्याचदा गॅस गळत नसतो, हाऊस बॅटरी (आरव्हीच्या आतल्या वस्तू चालवणारी) उतरलेली असते म्हणून गॅस डिटेक्टर ओरडतो. पण आधी खात्री करा, वास येतोय का बघा, शंका आली तर कुत्र्यांसकट बाहेर पडा आणि सिलिंडर बंद करा. प्रोपेनचा डिटेक्टर जमिनीजवळ असतो, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, आणि नेमकं तिथेच कुत्र्याचं अंथरूण असेल तर त्याच्या पोटातल्या गॅसनेही तो वाजू शकतो, हसू नका, होतं असं. अंथरूण हलवा, डिटेक्टर काढू नका.

फ्रिज गार होत नसेल तर आधी गाडी लेव्हलमध्ये आहे का बघा, प्रोपेनवरचे जुन्या पद्धतीचे फ्रिज तिरके राहिले तर नीट चालत नाहीत. कुत्र्याचं खाणं, वाटीसुद्धा, रात्री बाहेर ठेवू नका, इथे काळी अस्वलं आहेत.

आणि निघण्याआधी रस्ता चालू आहे का ते पार्कच्या साइटवर बघाच. पार्कमधून जाणारा 30 मैलांचा रस्ता 8,512 फुटांपर्यंत चढतो, बर्फामुळे तो कधीकधी जून उलटून गेला तरी पूर्ण उघडत नाही, मग दक्षिणेकडून उत्तरेच्या कॅम्पग्राउंडला जायला बाहेरून मोठा वळसा. उतरताना लो गिअर लावा, ब्रेकवर पाय दाबून बसू नका, आणि कुत्री हार्नेसला बांधलेली किंवा क्रेटमध्ये हवीत, सीटवर मोकळी नकोत.