मसाई मारासाठी बॅग भरताना

कपड्यांच्या आधी बॅग बघा. मसाई मारा म्हणजे केनियातलं सफारीचं अभयारण्य. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून तिथे जाणाऱ्या छोट्या विमानांत साधारण माणशी १५ किलोच सामान चालतं, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक सूटकेस घरीच राहू द्या. रस्त्याने गेलात तरी सगळ्यांचं सामान गाडीच्या मागे कोंबायचं असतं.

आफ्रिका म्हणजे ऊन, असं धरून लोक नुसते टीशर्ट भरतात. मारा आहे जवळजवळ दीड हजार मीटर उंचीवर. जुलै-ऑगस्टात पहाटे, छत उघडलेल्या गाडीत उभं राहिलं की दातावर दात वाजतात. स्वेटर, त्यावर विंडचीटर आणि कानटोपी, हो, आपली महाबळेश्वरची कानटोपी, घ्याच. दहा वाजता हे सगळं उतरवून सुती शर्टावर यायचं. कपड्यांचे रंग खाकी, मातकट, थोडक्यात मळखाऊ. पुढे टांझानियातल्या सेरेंगेटीला जाणार असाल तर निळे-काळे कपडे टाळा, त्सेत्से माशी त्या रंगांवर येते आणि कपड्यांतूनही चावते. लष्करी छापाचे कपडे तर नकोतच.

कॅमेऱ्याची मोठी लेन्स असेल तर ट्रायपॉडचं ओझं नेऊ नका, गाडीत तो उभाच राहत नाही. जुन्या पँटचा एक पाय गुडघ्याखाली कापा, एक तोंड शिवून टाका, दुसऱ्याला चेन लावा. ही पिशवी रिकामीच न्यायची. नैरोबीत दोन किलो तांदूळ घेऊन भरायची आणि छताच्या कडेवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवायची. इंजिन बंद करायला ड्रायव्हरदादांना सांगा, हात हलत नाही. दुर्बीण मात्र माणशी एक हवी. झुडपात बिबट्या दिसला की आमचे हे दुर्बीण कुणाला देत नाहीत.

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि ती निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. लस घेतल्याचं पिवळं कार्ड मिळतं, ते पासपोर्टलाच जोडून ठेवा. नाहीतर परत आल्यावर मुंबईत सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, त्यातल्या काही निघण्याआधीच सुरू कराव्या लागतात.

केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा बंद आहेत. चपला, ओले कपडे वगैरेंना कापडी पिशव्या घ्या, आणि थेपले-चिवडा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. तंबूत खाणं उघडं ठेवलंत तर माकडं चेन उघडून आत येतात, डबाही पळवतात. तो कॅम्पच्या स्वयंपाकघरातच देऊन टाका.

तिथल्या सॉकेटला तीन चौकोनी पिना लागतात, तेव्हा अडॅप्टर हवा. बऱ्याच कॅम्पांत वीज ठराविक तासच असते, म्हणून पॉवर बँक, आणि ती हातातल्या बॅगेत. डॉलरच्या नोटा नव्या, न फाटलेल्या.

कपडे चारच जोड पुरतात, कॅम्पवाले धुऊन देतात. अंतर्वस्त्रं मात्र काही ठिकाणी घेत नाहीत, त्यासाठी साबणाची वडी आणि वाळत घालायला सुतळी टाका.