घरगुती चिकन : वाटण, आच आणि पाणी

चिकनच्या प्रत्येक प्रकारासाठी मसाल्याचे वेगळे पाकीट आणण्याची सवय अलीकडे बरीच वाढली आहे. वास्तविक, मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात काळा मसाला, सुके खोबरे आणि आले-लसूण असतेच, आणि तेवढ्या सामग्रीत केवळ आच आणि पाणी यांचा मेळ बदलून निरनिराळी चव साधता येते. पुढील प्रमाण एक किलो चिकनचे आहे.

रश्शासाठी शक्यतो गावरान कोंबडी घ्यावी. ती शिजायला वेळ लागतो, म्हणून कुकरला चार-पाच शिट्ट्या करून मगच फोडणीत टाकावी. ब्रॉयलर पातेल्यातच पंचवीस-तीस मिनिटांत शिजते आणि कुकरमध्ये घातली तर तिचा लगदा होतो. कच्चे चिकन वाहत्या नळाखाली धुऊ नये, कारण शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर पसरतात. धुवायचेच असेल तर पातेल्यात अलगद धुवावे आणि नंतर हात व मोरी साबणाने स्वच्छ करावी. तुकड्यांना हळद, मीठ व दोन चमचे आले-लसणाची गोळी चोळून अर्धा तास ठेवावे. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, तेव्हा हे पातेले फ्रिजमध्येच ठेवलेले बरे.

खरी मेहनत वाटणाची. तीन मध्यम कांदे उभे चिरून चमचाभर तेलावर कडा काळपट होईपर्यंत भाजावेत. चूल असेल तर अख्खा कांदा निखाऱ्यात भाजावा, त्याची सर गॅसला येत नाही. अर्धी वाटी किसलेले सुके खोबरे मात्र मंद आचेवर तांबूस होताच उतरवावे, कारण तापलेल्या कढईत ते पुढेही भाजत राहते आणि एकदा करपले की सगळा रस्सा कडवट होतो. दोन चमचे तीळ आणि एक चमचा खसखस कोरडीच भाजून हे सारे अगदी कमी पाण्यात गंधासारखे वाटावे. काळ्या मसाल्यात दगडफूल, लवंग, दालचिनी असतेच, तेव्हा वाटणात पुन्हा खडा मसाला घालण्याचे कारण नाही.

रश्शासाठी चार मोठे चमचे तेलात वाटण कडेने तेल सुटेपर्यंत परतावे, आच बारीक करून दोन चमचे काळा मसाला घालावा आणि लगेच चिकन टाकावे. पातेल्यावर ताट झाकून त्यात पाणी ठेवावे व तेच तापलेले पाणी लागेल तसे आत ओतावे. गावरान कोंबडी कुकरमध्ये शिजवली असेल तर मसाल्यात घालण्याआधी तिचे थोडे अळणी पाणी लहान मुलांसाठी बाजूला काढून ठेवावे. दाटपणासाठी दोन चमचे येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचे मसालेदार पीठ) थंड पाण्यात कालवून शेवटी लावावे आणि दहा मिनिटे उकळू द्यावे. कोरडे येसर थेट टाकले तर गुठळ्या होतात.

सुक्या चिकनला वाटण निम्मे आणि पाणी अजिबात नको. लोखंडी कढईत झाकण ठेवून ब्रॉयलर आपल्याच पाण्यात शिजते. शेवटची पाच मिनिटे झाकण काढून, दोन चमचे शेंगदाण्याचा कूट घालून मोठ्या आचेवर परतावे. याच्याबरोबर ज्वारीची कडक भाकरी हवी, पोळी नव्हे.

बिर्याणी ही आपल्याकडे परकी नाही. 1948 पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता. हिला वाटण लागत नाही. वाटीभर दही, तळलेला कांदा, पुदिना आणि हिरव्या मिरच्यांत चिकन दोन तास मुरवून आधी निम्मेअधिक शिजवून घ्यावे, कारण कच्च्या मांसावर भाताचा थर देऊन दम देणे नवख्याला जमेलच असे नाही. त्यावर अर्धवट शिजलेला बासमती पसरून, कणकेने झाकण बंद करून, पातेल्याखाली तवा ठेवून वीस-पंचवीस मिनिटे मंद आच द्यावी.

घाईच्या दिवशी बिनहाडाचे पातळ तुकडे लिंबू, लसूण व ठेच्यात घोळून तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजले तरी पुरते. प्रकार कोणताही असो, सर्वांत जाड तुकडा हाडापाशी कापून आत गुलाबी राहिला नसल्याची खात्री करावी. तापमापक असेल तर आत 74 अंश सेल्सिअस दिसायला हवे. उरलेले चिकन दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी खळखळून उकळूनच वाढावे.